जनावरांचं दावं आधी सोडा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

कोयना धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडं बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी भागात मोबाईलवर मेसेज फिरायला लागतात, कुठला दोन वर्षांपूर्वीचा आणि कुठला आजचा काही कळत नाही, म्हणून फॉरवर्डवर विसंबू नका, तलाठ्याला नाहीतर पंचायतीत विचारा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय, दूधगंगा-वेदगंगेचं पाणी कोयनेच्या पाण्यानं कृष्णा फुगली की पुढं सरकत नाही, मागं तुंबतं आणि मळ्यात घुसतं, आपल्या गावात पाऊस नसला तरी.

सगळ्यात कळकळीचं सांगायचं म्हणजे जनावरं. माणसं शेवटपर्यंत गोठा सोडत नाहीत, आणि मग अंधारात गळ्याएवढ्या पाण्यात म्हशी काढायला जातात. अहो, पाणी पात्राबाहेर आलं की दिवसाउजेडीच हलवा, वैरणीसकट, आणि अगदीच जमलं नाही तर दावं तरी कापा, म्हैस पोहून काठ गाठते, बांधलेली जागेवरच मरते.

आधार, रेशनकार्ड, उतारे, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. घर सोडताना मेन स्विच बंद. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, गुडघ्याच्या खालचं पाणी पण जोर असला की माणसाला पाडतं आणि खालचा रस्ता वाहून गेलाय का ते वरून दिसत नाही. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्या, चिखल काढताना गमबूट घाला, अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, साप असतात.

आणि प्रशासनाला विनंती, इशारा कन्नडसोबत मराठीतही द्या, म्हाताऱ्या माणसांना तो कळला पाहिजे.

– एक वाचक, सदलगा