तारे कारखान्याच्या फाटकावर दिसावेत

माननीय संपादक,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये धुराड्यांतील धूलिकणांच्या चाचण्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली, हे पाऊल स्वागतार्हच होते. पण संकेतस्थळ उघडून हे तारे पाहणारे शेजारचे रहिवासी किती असणार? इंडोनेशियाने १९९५ मध्ये ‘प्रोपर’ योजनेत सोनेरी, हिरवा, निळा, लाल व काळा अशा पाच रंगांत कारखान्यांची प्रतवारी केली, तेव्हा नद्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यावर भर होता आणि खालच्या श्रेणीतील कारखान्यांना नाव जाहीर होण्यापूर्वी सुधारण्यासाठी काही महिने देण्यात आले. नाव जाहीर होण्याच्या धास्तीनेच अनेकांनी सुधारणा केली. आपल्याकडेही केवळ धूर नव्हे, तर सांडपाणीही मानांकनात यायला हवे. कंपनी देशी असो वा परदेशी, निकष एकच असावा. स्वतःच्या देशात कडक नियम पाळणाऱ्या परदेशी कंपनीकडून इथेही तीच अपेक्षा ठेवणे मुळीच गैर नाही. घातक कचऱ्याची माहिती देणारा फलक कारखान्यांना फाटकाबाहेर लावावाच लागतो. त्याच फलकावर ताऱ्यांची संख्या आणि चाचणीची तारीख ठळक मराठीत लिहिणे मंडळाने बंधनकारक करावे.

— एक वाचक, डोंबिवली