पाय कोणाचे धुतले, तेही छापा

महोदय,

कालच्या अंकातला नम्रतेवरचा लेख आणि त्याशेजारी चार कॉलमांत छापलेले आमच्या चर्चमधल्या, प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीचे छायाचित्र पाहिले. छायाचित्र सुरेख आले आहे. घंगाळ चकचकीत, टॉवेल पांढराशुभ्र आणि पाळकसाहेबांची मान हवी तेवढीच झुकलेली. 'सेवा हाच मोठेपणाचा मार्ग' हे लेखकमहाशयांनी फिरवून फिरवून सांगितले आहे. त्याबद्दल वाद नाही. मात्र गुरुवारी संध्याकाळी मी तिथेच, मागच्या बाकावर होते. म्हणून चौकटीत न आलेले थोडे सांगते.

ज्यांचे पाय धुतले गेले त्या बारा जणांची नावे कमिटीने आधीच ठरवली होती. ट्रस्टी, देणगीदार, आणि आमच्या चर्चचे सभासदही नसलेले एक माजी नगरसेवक. बाई एकही नाही. प्रत्येकाला आदल्या दिवशी फोन गेला की पाय स्वच्छ धुऊन, नखे कापून या. म्हणजे धुतलेलेच पाय धुवायचे! घंगाळ एकाने धरले, तांब्या दुसऱ्याने, टॉवेल तिसऱ्याने. पाळकसाहेबांची बोटे तेवढी ओली झाली.

विधी आटोपला तेव्हा फरशीवर पाणी सांडले होते. ते पुसायला मावशी पुढे आल्या. पूर्वी त्या आमच्या दवाखान्यात आया होत्या. आता सत्तरी ओलांडली तरी देवळाची झाडलोट त्यांच्याकडेच आहे. गोणपाट घेऊन गुडघ्यांवर बसतात न बसतात तोच मागून आवाज आला, "ओ मावशी, बाजूला व्हा, फोटोत येताय." त्या उठल्या आणि खांबाआड जाऊन उभ्या राहिल्या. तुमच्या छायाचित्रात डाव्या कडेला जो साडीचा काठ दिसतो, तो त्यांचा.

या मावशींबरोबर मी सर्जिकल वॉर्डात कितीतरी रात्रपाळ्या केल्या. मधुमेहाने सडलेला पाय लेखकमहाशयांनी कधी जवळून पाहिला आहे का? पट्टी सोडली की शेजारच्या खाटांवरचे नातेवाईक उठून बाहेर जातात. जखमेत अळ्या पडल्या असतील तर तर्पेंटाईन सोडायचे, त्या वर येतात, मग चिमट्याने एकेक वेचायची. वेचायचे काम माझे. मावशी तो पाय मांडीवर धरून बसत आणि रोग्याने खाली बघू नये म्हणून त्याच्या म्हशींची, लेकीच्या सासरची चौकशी करत राहत. तिथे छायाचित्रकार कोणी फिरकला नाही. आला असता तरी वासाने पळाला असता.

आणि याच आम्ही बायका पगारवाढ मागायला गेलो तेव्हा व्यवस्थापनाने काय ऐकवले? "सिस्टर, ही सेवा आहे, नोकरी नव्हे. प्रभूने पाय धुण्याचे पैसे घेतले होते का?" हे ऐकवणारे गृहस्थ दवाखान्याच्या गाडीतून घरी जात. मावशी चालत.

लेखात बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतला आहे. घ्यावा. पण तो उपदेश कोणाला केला, तेही सांगावे. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान या शिष्यांना प्रभूच्या उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्या आधीच अडवून ठेवायच्या होत्या. बाकीचे दहा शिष्य त्यांच्यावर रागावले; का, ते सांगायला नको. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, हे खुर्चीवर डोळा ठेवणाऱ्या या मंडळींना सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे बार्तीमय भेटतो. आंधळा, रस्त्याकडेला बसून भीक मागणारा. तो ओरडतो तेव्हा लोक त्याला दटावतात, गप्प बस म्हणतात. प्रभू मात्र थांबतो आणि मी तुझ्यासाठी काय करू, असे विचारतो. त्याला नम्रतेचे दोन शब्द सुनावत नाही. आमच्याकडे सगळे उलटे. बार्तीमयाला नम्रतेचे प्रवचन आणि जब्दीच्या मुलांना पुढची खुर्ची.

पोप फ्रान्सिस यांचा दाखला दिलात तोही अर्धाच. २०१३ साली, पोप होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. नियमाप्रमाणे तोवर हे पाय पुरुषांचेच असायचे. पुढे २०१६ मध्ये तो नियमच बदलला गेला. पाय कोणाचे, हाच त्यातला मुद्दा होता.

पंडिता रमाबाईंना तर 'त्यागमूर्ती' म्हणून एका ओळीत गुंडाळले आहे. कोलकात्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई पुढे मध्य प्रांतातल्या दुष्काळातून अनाथ मुली आणि विधवा गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, त्याबद्दल सरकारला खडसावणारे पत्रही याच रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्राला लिहिले होते. सेवा करणाऱ्या बाईने तोंड मिटून असावे, असे त्यांना वाटत नव्हते. तुमच्या लेखकांना तसे वाटते, कारण 'खरा सेवक तक्रार करत नाही' असे शेवटच्या परिच्छेदात ठळक अक्षरांत छापले आहे. ते वाचूनच मी कागद पुढे ओढला.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर तळाशी एका पुढाऱ्यांची रंगीत जाहिरात आहे: 'समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. हात जोडलेले, चेहरा हसरा, मागे फुगे. त्या दिवशी आमच्या प्रभूला खिळे ठोकून मारले, महोदय. आम्ही उपास करतो, तीन तास उपासनेला बसतो. शुभेच्छा रविवारी, ईस्टरला द्यायच्या असतात. पुढाऱ्यांना हे ठाऊक नसेल तर समजू शकते, पण तुमच्या जाहिरात विभागात हा मजकूर कोणी तरी वाचत असेलच ना? ही जाहिरात गेल्या वर्षीही होती, फुग्यांसकट.

— एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर
(नाव छापू नये)