ऑनर्सच्या नावाने मेडिकलची सीट मिळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज ॲडमिशनवर जो लेख आला होता त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की मुलाला पुढे डॉक्टर करायचं असेल तर अंडरग्रॅडला ऑनर्स प्रोग्रॅम घ्यायलाच लावा, मेडिकल स्कूलवाले ते बघतात. बाकी लेख चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते एक वाक्य इकडे न्यू जर्सीत आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलं आणि ज्यांची मुलं आत्ता बारावीत आहेत त्या आयांची झोप उडालीये, म्हणून लिहितेय. माझी थोरली आत्ता मेडिकल स्कूलला आहे, धाकटा प्रीमेड (मेडिकलच्या आधीची कॉलेजची तयारी) करतोय, एक ऑनर्समधून गेली आणि एकाने घेतलं नाही, त्यामुळे दोन्हीकडचं घरात बघितलंय.

आधी तिकडच्या वाचकांसाठी थोडक्यात. इथे नीटसारखं बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची कुठलीही डिग्री, त्यात बायो-केमिस्ट्री-फिजिक्सचे ठरलेले कोर्स, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि मग एमडीची चार वर्षं (इथली एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली डिग्री). ह्या पहिल्या चार वर्षांत मोठमोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीज हुशार मुलांना आपल्याकडे खेचायला वेगळं ऑनर्स कॉलेज काढतात. ॲरिझोना स्टेटचं बॅरेट, पेन स्टेटचं श्रेयर, न्यूयॉर्कमध्ये क्यूनीचं (तिथली सरकारी सिटी युनिव्हर्सिटी) मॅकॉले, आमच्या रटगर्सचं तर २०१५ साली स्वतंत्र बिल्डिंगसकट सुरू झालं. छोटे वर्ग, वेगळं हॉस्टेल, स्कॉलरशिप, शेवटच्या वर्षी थीसिस, असा साधारण मामला. आपल्या लोकांना हे लातूरच्या क्लासमधल्या स्पेशल बॅचसारखं वाटतं, म्हणजे तिथे नंबर लागला की अर्धं काम झालं. गडबड इथेच होते.

मेडिकलचे बहुतेक अर्ज एएमकॅस नावाच्या एकाच सिस्टिममधून जातात. ती सिस्टिम प्रत्येक कोर्सचा ग्रेड घेऊन स्वतः जीपीए (चारपैकी काढलेली ग्रेडची सरासरी) काढते, एक सगळ्याचा आणि एक फक्त बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्सचा. त्यात ऑनर्स कोर्स म्हणून खूण करता येते पण जास्तीचा एक पॉइंटही मिळत नाही. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि ऑनर्सला वेटेड जीपीए असतो, म्हणजे अवघड कोर्सला जास्तीचे पॉइंट, तो चारच्या वर जातो, आणि पालकांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं की कॉलेजातही तसंच असणार. नाहीये तसं. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या साध्या सेक्शनला ए मिळाला तर ४.०, ऑनर्स सेक्शनला जिवाचं रान करून बी प्लस आला तर ३.३, बस. आता हिशोब करा, चार क्रेडिटचे असे चार कोर्स झाले आणि सायन्सचे एकूण ५६ क्रेडिट धरले तर सायन्स जीपीए ०.२ ने खाली येतो, म्हणजे ३.८ चा ३.६. मेडिकलला प्रवेश मिळालेल्या मुलांचा सरासरी जीपीए ३.७ च्या वर आणि एमकॅट ५२८ पैकी ५११ च्या आसपास असतो, तेव्हा हा ०.२ कुठे नेऊन ठेवतो ते सांगायला नको.

इथल्या मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे, एएएमसी, ती एक तक्ता छापते. आडव्या ओळीत एमकॅट, उभ्या ओळीत जीपीए, आणि चौकटीत किती जणांना प्रवेश मिळाला ते. जीपीए ३.७९ च्या वर आणि एमकॅट ५१७ च्या वर असेल तर दहातल्या साधारण आठांना कुठे ना कुठे सीट मिळते, आणि एकूण अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून कमी जणांना. त्या तक्त्यात ऑनर्सचा रकाना नाही. अर्थात त्यात हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग, डॉक्टरांबरोबर शॅडोइंग (त्यांच्यामागे राहून काम बघणं), रिसर्च, शिफारसपत्रं ह्यांचाही रकाना नाही आणि ते सगळं तर लागतंच, तेव्हा नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. पण ऑनर्सचं वजन असतं तर ते ह्या दुसऱ्या यादीतून असतं, आणि त्याचा खरा फायदाही तिथेच आहे.

शिफारसपत्राचंच घ्या. साधारण दोन पत्रं सायन्सच्या प्रोफेसरांची लागतात. तीनशे पोरांच्या लेक्चर हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या मुलाला प्रोफेसर काय ओळखणार, मग पत्रात "ह्याला ए मिळाला, ऑफिस अवर्सना यायचा" एवढंच येतं. थोरलीच्या ऑनर्स सेमिनारला वीसेक मुलं होती, तिथल्या बाईंना तिने प्रयोग फसल्यावर सगळं परत पहिल्यापासून कसं केलं हे माहीत होतं आणि त्यांनी ते लिहिलं. थीसिससाठी लॅबमध्ये जागाही तिला लवकर मिळाली. आणि रजिस्ट्रेशन! ऑनर्सवाल्यांचं रजिस्ट्रेशन बऱ्याच ठिकाणी आधी उघडतं. धाकटा ऑनर्सला नाही, तो सकाळी लॅपटॉप उघडून बसला तोवर ऑर्गो (ऑर्गॅनिक केमिस्ट्री) लॅबचे सगळे दुपारचे सेक्शन भरलेले, उरला शुक्रवार संध्याकाळचा, आणि त्याची हॉस्पिटलची व्हॉलंटिअरिंगची शिफ्ट नेमकी तेव्हाच. मग ती बदलून घ्यायला दोन आठवडे मेलामेली. ऐकायला क्षुल्लक वाटतं पण प्रीमेडचं अर्धं आयुष्य ह्या टाइमटेबलच्या मारामारीतच जातं.

तरी एक सांगते, ऑनर्समध्ये न जाता हे मिळत नाही असं अजिबात नाही. धाकट्याने सरळ चार लॅबना ईमेल टाकले, एकाने बोलावलं, उंदरांचे पिंजरे साफ करण्यापासून सुरुवात झाली, आता स्वतःचं छोटं काम आहे.

अजून एक गोष्ट जी लेखात नव्हती. अर्ज भरायचा असतो तिसरं वर्ष संपल्यावर मे-जूनमध्ये, जर मध्ये गॅप इयर न घेता सरळ जायचं असेल तर. एमकॅट त्याच्याही आधी. आणि ऑनर्सचं सर्टिफिकेट मिळतं चौथं वर्ष संपल्यावर, थीसिस दिल्यावर. म्हणजे ज्या बिरुदासाठी एवढं करायचं ते अर्ज करताना हातात नसतंच! उलट चौथ्या वर्षी मुलं इंटरव्ह्यूला गावोगाव झूमवर किंवा प्रत्यक्ष आणि रात्री थीसिस, असं चाललेलं असतं. गॅप इयर घेणाऱ्यांना हा त्रास नाही, आणि आता बरीच मुलं घेतात. अर्जात अनुभवांसाठी १५ जागा असतात, त्यातली एक थीसिसच्या रिसर्चला द्यावी, पण "मी ऑनर्सला होतो" ह्यावर एक अख्खी जागा घालवणं म्हणजे काहीच्या काही.

मग घ्यायचं कधी? माझं मत स्पष्ट आहे, पैसे मिळत असतील तर डोळे मिटून घ्या. स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज निम्मी किंवा पूर्ण फी माफ करत असेल आणि दुसरीकडे मोठ्या नावाचं खाजगी कॉलेज वर्षाला ८०-९० हजार डॉलर मागत असेल, तर प्रीमेडसाठी मला तरी दुसरा विचार सुचत नाही. कारण खरा खर्च पुढे आहे. २०२५ च्या जुलैत जो कायदा झाला त्याने १ जुलै २०२६ पासून नव्या मुलांसाठी ग्रॅड प्लस (डिग्रीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) बंद, आणि मेडिकलसारख्या कोर्सला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. अनेक मेडिकल स्कूलचा फी आणि राहण्याचा खर्च मिळून वर्षाला ह्याहून कितीतरी जास्त होतो, वरचे पैसे घरातून नाहीतर प्रायव्हेट बँकेतून. एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) आणि आइनस्टाइन ह्या न्यूयॉर्कच्या दोन मेडिकल स्कूलनी अनुक्रमे २०१८ आणि २०२४ ला ट्यूशन माफ केली खरी, पण तिथे नंबर लागेल ह्या हिशोबावर कोणी घराचं बजेट करत नाही. पहिल्या चार वर्षांत वाचलेला डॉलर इथे कामी येतो. आणि स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए राखावा लागतो, तो घसरला तर पैसे बंद होतात का, हे सही करायच्या आधी वाचा, आमच्या ओळखीत एका घरी ते दुसऱ्या वर्षी कळलं.

एक अपवाद आहे तो मात्र वेगळा. काही ठिकाणी ऑनर्स कॉलेज थेट मेडिकल स्कूलशी बांधलेलं असतं, जसं आमच्याकडे एनजेआयटीच्या अल्बर्ट डॉर्मन ऑनर्स कॉलेजचा न्यू जर्सी मेडिकल स्कूलबरोबरचा कोर्स. तिथे बारावीतच निवड होते आणि अटी पाळल्या तर पुढची सीट ठरलेली. तसं असेल तर अर्थात सगळं गणित बदलतं, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या असतात आणि लेखात हे दोन्ही एकत्र कालवलेलं होतं.

मंडळाच्या गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेत पहिला प्रश्न हाच, "काय मग, ऑनर्सला आहे ना?" आणि मुलगा नाही म्हणाला की आईचा चेहरा बघवत नाही. त्या मुलाचा ऑर्गोला ए आहे हे कोणी विचारत नाही.

शेवटची विनंती. पुढच्या लेखात एच-फोर व्हिसावर (एच-वन बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) असलेल्या मुलांबद्दल जरूर लिहा. बऱ्याच मेडिकल स्कूल ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप नसेल तर अर्जच घेत नाहीत, वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो, सरकारी कर्ज तर मिळतच नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांत हीच खरी अडचण आहे आणि तिथे आई-बाप ऑनर्स घ्यायचं की नाही ह्यावर भांडत बसलेत.

आपली नम्र,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी