हलच्या टीमबद्दल चार ओळी तरी नीट छापा

मा. संपादक,

परवा खेळाच्या पानावर अगदी खाली इंग्लंडातल्या हल शहरातल्या हल केआर (हल किंग्स्टन रोव्हर्स) या क्लबची छोटी बातमी होती आणि त्यात त्यांना चक्क रग्बी युनियनची टीम म्हटलं होतं, ते वाचून मन खट्टू झालं म्हणून लिहितोय. मुंबईत जून २०२५ ला रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची, युनियन पंधरा जणांची, आणि हल केआर खेळतात ती रग्बी लीग तेरा जणांची, हा खेळच वेगळा. १८९५ साली उत्तर इंग्लंडातले क्लब वेगळे झाले ते मजुरीवरून, कारण खाणीत, गिरणीत राबणाऱ्या पोरांचा शनिवारी मॅचपायी पगार बुडायचा आणि क्लबनं तो भरून द्यायला वरच्यांची परवानगी नव्हती.

मी सातारचा, तरुणपणी कबड्डी खेळलेला माणूस. २०२५ ला मे ते ऑक्टोबर मुलीकडे हलला होतो. शहराच्या मधून नदी जाते, पश्चिमेला हल एफसीवाले, पूर्वेला गोदीकडची वस्ती ती हल किंग्स्टन रोव्हर्सची, म्हणजे लाल-पांढऱ्यांची. शेजारचे आजोबा जन्मापासून रोव्हर्सचे, त्यांनीच मला टीव्हीसमोर बसवून खेळ शिकवला. पकड झाली की बॉलवाला उठतो, बॉल पायाशी ठेवतो आणि टाचेनं मागे ढकलतो, असं पाच वेळा, सहाव्या पकडीला बॉल समोरच्यांना. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक वेळा लांब किक मारतात. मला लगेच समजलं, आपल्याकडे डू ऑर डाय रेडला जी घालमेल होते ना, तीच.

आजोबा सगळ्यात जास्त बोलायचे १९८० च्या चॅलेंज कपच्या, म्हणजे लीगहून वेगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या फायनलबद्दल. दोन्ही टीम हलच्याच, सगळं गाव लंडनला निघालेलं आणि रस्त्यावर कुणीतरी बोर्ड लावला, शेवटी जाणाऱ्यानं लाइट बंद करा. रोव्हर्स १०-५ नं जिंकले. कॅप्टन आणि कोच दोन्ही रॉजर मिलवर्ड, सुरुवातीलाच जबडा मोडला तरी गडी शेवटपर्यंत मैदानात, हे सांगताना म्हातारा स्वतःच्या हनुवटीवर हात ठेवायचा. त्याच टीममधला क्लाइव्ह सलिव्हन, १९७२ ला ग्रेट ब्रिटनला वर्ल्ड कप जिंकून देणारा कृष्णवर्णीय कॅप्टन, तो हलच्या दोन्ही क्लबकडून खेळला आणि आज शहरात शिरणारा मोठा रस्ता त्याच्या नावाचा आहे. अशा माणसावर आपल्याकडे एक ओळ कुणी लिहिलेली मी तरी वाचली नाही.

१९८५ नंतर मोठी ट्रॉफी नाही. २०१६ ला तर खालच्या डिव्हिजनमध्ये गेले, एक वर्षात वर आले. २०२३ ला कपची फायनल ली नावाच्या क्लबकडून एका पॉइंटनं गेली, २०२४ ला लीगची शेवटची लढत, म्हणजे ग्रँड फायनल, विगन क्लबकडून ९-२, म्हणजे दरवेळी हातातोंडाशी आलेला घास. कोच विली पीटर्सनं टीम मोडली नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग ७ जून २०२५, वेम्बली, कपची फायनल, वॉरिंग्टनसमोर ६-२ नं मागे आणि शेवटची दोन-तीन मिनिटं, टॉम डेव्हिसनं ट्राय केला (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला, चार पॉइंट), मिकी लुईसनं त्यावरची दोन पॉइंटची किक घातली, ८-६. आजोबा खुर्चीतून उठलेच नाहीत, मफलर तोंडावर धरून रडत बसले, मी नुसता पाठीवर हात ठेवला, भाषेचा प्रश्नच आला नाही.

नंतर लीगमध्ये पहिला नंबर, आणि ११ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रँड फायनलमध्ये त्याच विगनला २४-६ नं हरवलं. कप, लीगचा पहिला नंबर आणि ग्रँड फायनल, एका सीझनमध्ये तिन्ही. मिकी लुईस तर हलचाच पोरगा आहे हो, गावातलाच.

प्रो कबड्डी बघणाऱ्या आपल्या पोरांना हा खेळ नक्की आवडेल असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी ते ऑक्टोबर सीझन असतो, आठवड्याला एकदा स्कोअर द्या, आणि लीग का युनियन एवढं तरी तपासून छापा.

आपला वाचक,
सातारा