नाताळच्या मेजवानीतील शाकाहारी ताट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की नाताळच्या मेजवानीवरचे लेख आणि पाककृती सगळीकडे दिसू लागतात. त्यांत शाकाहारी पाहुण्यांविषयीचा मजकूर बहुधा दोन-चार ओळींत आटोपलेला असतो आणि त्याचा मथितार्थ एवढाच असतो की, भाजलेला पक्षी सोडून टेबलावर जे काही उरते ते त्यांनी वाढून घ्यावे. गेली बरीच वर्षे मी नाताळचे संपूर्ण शाकाहारी जेवण स्वतः रांधते आणि दुसऱ्यांच्या घरी पाहुणी म्हणूनही अनेकदा जेवले आहे. या दोन्ही अनुभवांवरून हा सल्ला मला मनापासून खटकतो, म्हणून हे पत्र.

नाताळच्या पारंपरिक जेवणाची मांडणी एका मुख्य पदार्थाभोवती होते. टर्की किंवा हंस अख्खा भाजून टेबलावर आणतात, सर्वांसमोर कापतात, आणि बटाटे, गाजरे, क्रॅनबेरीचा सॉस, पावाचे सारण, ग्रेव्ही हे सारे त्याच्या चवीला जोड म्हणून केलेले असते. तो पदार्थ वगळला की ताटात फक्त जोडीचे पदार्थ राहतात. तेही एकाच पोताचे, मऊ आणि पिष्टमय, आणि ग्रेव्ही तर मांसाच्याच रसातून केलेली असल्याने तीही गेली. कापणे सुरू होते, एकेक ताट पुढे होते, आणि एक माणूस आपले ताट तसेच समोर ठेवून बसून राहतो. त्या क्षणी त्याला जे वाटते ते पोट भरल्याने भरून निघत नाही. म्हणून बेत आखताना पहिला निर्णय मुख्य पदार्थाचा घ्यावा, आणि तो पदार्थ अख्खा टेबलावर आणून सर्वांसमोर कापता येईल असा असावा. बाकीचे सगळे त्यावरून आपोआप ठरत जाते.

असे पदार्थ पुष्कळ आहेत. मश्रूमचे सारण पफ पेस्ट्रीत गुंडाळून केलेले वेलिंग्टन दिसायला देखणे होते. लाल भोपळा अख्खा पोखरून त्यात शिजवलेला भात, चेस्टनट आणि सुकामेवा भरून भाजला, तर तो टेबलाच्या मधोमध शोभून दिसतो आणि त्यात अंडे किंवा दूध लागतच नाही. नुसत्या चीजवर आणि मैद्यावर भिस्त ठेवणे मात्र मला पटत नाही. सुरुवातीला चीजचा पदार्थ, मुख्य पदार्थात चीज आणि पेस्ट्री, भाज्यांवर पुन्हा चीजचा सॉस, असे जेवण पुडिंग येण्याआधीच जड होऊन बसते.

माझी स्वतःची पसंती नट रोस्टला, म्हणजे कुटलेल्या सुकामेव्याचे मिश्रण भांड्यात दाबून भाजलेल्या पदार्थाला आहे. त्याची कोरडा आणि बेचव म्हणून जी अपकीर्ती झाली आहे, ती घाईने केलेल्या नट रोस्टमुळे झाली आहे. आठ माणसांसाठी मी पाव किलो अक्रोड आणि काजू मंद आचेवर भाजून जाडसर कुटते; त्यांचे पीठ झाले तर सगळा गोळा चिकट होतो. त्यात दीडशे ग्रॅम पावाचा चुरा, दोनशे ग्रॅम शिजवून पूर्ण निथळलेले अख्खे मसूर, दोन परतलेले कांदे, सेज आणि थाईम या सुगंधी वनस्पतींची पाने घालते. खरे काम आहे ते पाव किलो मश्रूमचे. बारीक चिरून, मीठ घालून ती पसरट कढईत टाकली की आधी चरचरतात, मग पाणी सोडतात आणि कढईत बुडबुड सुरू होते. बहुतेकांना इथेच ती शिजली असे वाटते. ते पाणी आटून चरचर पुन्हा ऐकू येईपर्यंत आणि कडा तांबूस होईपर्यंत थांबावे लागते, कारण मागे राहिलेले पाणी भाजताना सारणात उतरते आणि मग काप उभा राहत नाही. वेलिंग्टनची पेस्ट्री तळाशी भिजून लिबलिबीत होते तीही याच कारणाने. सारण बांधून यावे म्हणून दोन अंडी पुरतात. अंडे चालत नसेल तर दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे पाण्यात पंधरा मिनिटे भिजवली की तेच काम होते.

हे मिश्रण बटर पेपर लावलेल्या केकच्या लांबट भांड्यात चांगले दाबून भरावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. सकाळी घाईने मिश्रण केले, ओव्हनमधून काढल्या काढल्या भांडे उपडे केले आणि सुरी लावली, तर पहिल्याच कापाचा भुगा झाला. पाहुण्यांनी तो आवडीने खाल्ला, पण ज्यांच्यासाठी एवढे केले त्यांच्या ताटात त्या दिवशी तो भुगाच गेला याची रुखरुख मला अजून आहे. आता मी तो आदल्या दिवशी भरते, १८० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास भाजते, पहिला अर्धा तास वर फॉइल झाकते आणि बाहेर काढल्यावर निदान पंधरा मिनिटे त्याला हात लावत नाही.

ग्रेव्हीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि जेवणाला नाताळची चव येते ती तिच्यामुळेच. सुकी मश्रूम गरम पाण्यात अर्धा तास भिजवली की जे गडद पाणी मिळते ते तिचा पाया. कांदा, गाजर आणि सेलेरी तेलात अगदी खरपूस होईपर्यंत परतून त्यात टोमॅटोची पेस्ट घालायची, तीही रंग गडद होईपर्यंत परतायची, मग चमचाभर पीठ भाजून घेऊन हे पाणी आणि थोडा सोया सॉस घालायचा आणि उकळून गाळून घ्यायचे. मांसाच्या रसात जी तोंडभर पसरणारी चव असते तिच्यात ग्लुटामेट या घटकाचा मोठा वाटा असतो. टोमॅटो, सोया सॉस आणि सुकी मश्रूम या तिन्हींत ते भरपूर असते, त्यामुळे ही ग्रेव्ही कशाची नक्कल वाटत नाही. ती आदल्या दिवशी करून ठेवली तर अधिकच मुरते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे येते. एका घरी मी नाताळला जेवले. यजमानांनी माझ्यासाठी वेगळा पदार्थ आवर्जून केला होता आणि भाजलेले बटाटे इतके खमंग होते की मी दुसऱ्यांदा वाढून घेतले. ते हंसाच्या चरबीत भाजले होते, हे जेवण आटोपल्यावर बोलण्याच्या ओघात कळले. यजमानांच्या मनात काही वावगे नव्हते. बटाटा ही भाजी, एवढाच त्यांचा सरळ विचार होता. मला मात्र त्या रात्री अन्नावरची वासना राहिली नाही, आणि त्यांचे प्रेम दिसत असल्यामुळे धड तक्रारही करता आली नाही.

नाताळच्या जेवणात अशा जागा फार आहेत. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये सुएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, घालतात. मिन्स पाय या छोट्या गोड पायच्या सारणात, म्हणजे मिन्समीटमध्ये, पूर्वी खरोखरच मांस असे. आता बहुधा फळे आणि मसालेच असतात, पण सुएट अनेकदा अजूनही असते. पायच्या आवरणात डुकराची चरबी असू शकते. ट्रायफल या केक-कस्टर्डच्या थरांच्या गोड पदार्थातली जेली आणि मार्शमॅलो हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचे असतात. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात. पार्मेजान पद्धतीच्या मूळ इटालियन चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरतात. काही वाइन गाळताना माशांपासून केलेला आयझिंग्लास किंवा जिलेटिन वापरतात आणि बाटलीवरून ते नेहमी कळतेच असे नाही. तयार स्टॉकच्या, म्हणजे सूप-ग्रेव्हीसाठीच्या रश्श्याच्या, वड्यांत मांसाचा अंश असू शकतो, म्हणून त्यांचे वेष्टन तर प्रत्येक वेळी वाचलेच पाहिजे.

या प्रत्येकाला सोपा पर्याय आहे, आणि तो वापरल्याने चवीत उणेपणा येत नाही. पुडिंगमध्ये वनस्पती तेलाचे सुएट किंवा फ्रिजमधून काढून किसलेले गार लोणी चालते. जेलीसाठी समुद्री शेवाळापासून केलेले अगर-अगर आहे. ते जिलेटिनसारखे नुसते गरम पाण्यात विरघळत नाही, त्याला उकळी द्यावी लागते, एवढे लक्षात ठेवावे. बटाट्यांसाठी साधे तेल पुरते. कुरकुरीतपणा चरबीतून येतो ही समजूत मला चुकीची वाटते. बटाटे आठ-दहा मिनिटे उकडून, पाणी काढून, त्याच पातेल्यात झाकण लावून हलवले की त्यांच्या कडा खडबडीत होतात, आणि आधीच तापवलेल्या तेलात त्या कडाच कुरकुरीत होतात.

पाहुण्याला आधी विचारावे, हे तर झालेच. पण नेमके विचारावे. 'तुम्ही शाकाहारी आहात ना?' एवढ्याने भागत नाही. अंडे चालते का, दूध आणि चीज चालते का, मद्य घातलेले पुडिंग चालते का, आणि सुकामेव्याची ॲलर्जी आहे का, हे चार प्रश्न मिनिटभराचे आहेत. शेवटचा तर नट रोस्ट करणाऱ्याने विसरताच कामा नये, कारण तिथे प्रश्न जिवाचा असतो. मासे शाकाहारात मोडत नाहीत, हेही पुष्कळांना सांगावे लागते.

शाकाहारी नाताळ म्हणजे परंपरेला सोडचिठ्ठी, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो इतिहासाला धरून नाही. नाताळच्या आधीचा काळ ख्रिस्ती परंपरेत दीर्घकाळ उपवासाचा मानला गेला. पोलंडमध्ये २४ डिसेंबरला संध्याकाळी पहिला तारा दिसल्यावर जे जेवण होते त्यात बारा पदार्थ करण्याची रीत आहे आणि त्यांत मांस नसते. मासे असतात, पण बीटचे सूप, मश्रूम भरलेले छोटे डम्पलिंग, कोबी आणि मश्रूमचे पियेरोगी (करंजीसारखे उकडलेले डम्पलिंग) आणि सुक्या फळांचे कंपोट, म्हणजे ती उकळून केलेले पेय, हेही त्याच पंगतीत असतात. युक्रेनमध्ये त्या संध्याकाळी गहू, खसखस आणि मध यांचा कुतिया नावाचा पदार्थ मानाचा असतो. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ७ जानेवारीच्या आपल्या नाताळापूर्वी ४३ दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात. या लोकांनी उपवासाचे जेवण सणाचे कसे करावे हे पिढ्यान् पिढ्या साधले आहे, आणि शाकाहारी मेजवानी आखणाऱ्याने टर्कीची जागा कशाने भरू या विवंचनेत पडण्यापेक्षा त्यांच्याकडे पाहावे असे मला वाटते.

राहिला वेळेचा हिशेब. एकच ओव्हन असेल तर जेवणाच्या वेळेपासून उलटे मोजत यावे. दोन वाजता जेवायचे असेल तर बारा वाजता पुडिंग शेगडीवर वाफेला ठेवावे. ते आधीच, शक्यतो महिनाभर अगोदर, करून ठेवलेले असते. बटाटे पावणेएकपर्यंत ओव्हनमध्ये जावेत, त्यापाठोपाठ खालच्या खणात फॉइल झाकलेला नट रोस्ट. तो पावणेदोनच्या सुमारास बाहेर येऊन विसावला की मोकळ्या झालेल्या जागेत आच वाढवून अर्धे कापलेले ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीसारखे चिमुकले गड्डे, ठेवावेत. ते फार वेळ उकडले की गंधकाचा उग्र वास येतो, जोरदार आचेवर वीस मिनिटे भाजले की गोडसर लागतात, त्यामुळे ते टेबलावर दहा मिनिटे मागाहून आले तरी बिघडत नाही. टर्की तासन् तास ओव्हन अडवून ठेवते, ती अडचण इथे नसते. मांसाहारी पदार्थही त्याच ओव्हनमध्ये असतील तर शाकाहारी भांडे नेहमी वरच्या खणात ठेवावे, म्हणजे त्यावर काही ठिबकणार नाही, आणि वाढण्याचे चमचे वेगळे ठेवावेत.

मिश्र पंगतीत शाकाहारी पदार्थ दोघांपुरताच करणे ही चूक मी सतत पाहते. तो देखणा झाला की सगळेच एकेक काप उचलतात, आणि भांडे फिरत फिरत ज्याच्यासाठी केले त्याच्यापाशी पोहोचते तेव्हा रिकामे असते. म्हणून तो सर्वांना पुरेल एवढा करावा, किंवा पहिला काप शाकाहारी पाहुण्याच्या ताटात वाढून मगच पुढे द्यावा.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. नाताळच्या पाककृती छापताना ज्या पदार्थांत जिलेटिन, सुएट, प्राण्यांची चरबी, रेनेट किंवा माशांचा अंश असतो, त्यांच्या साहित्याच्या यादीतच तसे स्पष्ट लिहावे आणि पर्यायही त्याच ओळीत द्यावा. पाककृतीच्या शेवटी टीप दिली तर ती बाजारहाट झाल्यावर वाचली जाते. पुडिंग महिनाभर आधी करावयाचे असल्याने ही माहिती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाचकांच्या हाती पडेल असे पाहावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक