बाटलीत काय होतं तेही छापा

मा. संपादक,

परवाच्या रविवार पुरवणीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्लंडमधले मुलांसाठीचे घरगुती उपाय वाचले, छातीला हंसाची चरबी चोळणं, गरम ब्रेडचं पोटीस, बार्लीचं पाणी वगैरे, मजा आली. पण शेवटी 'तेव्हा केमिकलं नव्हती' असं लिहिलंय तिथे राहवलं नाही. मी पस्तीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवलंय म्हणून लिहितोय.

अहो, तिथे गरिबाघरी हमखास सापडायचं ते गॉडफ्रेज कॉर्डियल, म्हणजे काकवीत कालवलेली अफू! आई गिरणीत किंवा लेसच्या कामाला, बाळ शेजारच्या म्हातारीकडे, तिच्याकडे अशी आणखी चार, मग रडलं की दे चमचा. प्रत्येक दुकानदाराचं प्रमाण वेगळं, त्यात अफू तळाशी बसायची, म्हणजे बाटली न हलवता देत गेलं तर शेवटचे चमचे सगळ्यात जहाल. बरं, सगळी बाळं डोस जास्त होऊनच गेली असंही नाही, गुंगीतलं बाळ भूक लागली तरी रडत नाही, दूध मागत नाही, सुकत सुकत जातं, आणि नोंद व्हायची 'अशक्तपणा'. 1868 च्या फार्मसी कायद्याने अफूवर विषाचं लेबल आणलं खरं पण पेटंट औषधं, म्हणजे नाव लावून बाटलीबंद विकली जाणारी तयार औषधं, त्यातून सुटली, म्हणजे नेमकी जी बाळांच्या तोंडात जात होती तीच.

दात येतानाच्या पावडरीत कॅलोमेल असायचं, म्हणजे पारा. मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सालं निघायची, आणि ते पाऱ्यामुळे हे डॉक्टरांच्या लक्षात यायला 1940 चं दशक उजाडलं.

त्या आयांना अडाणी म्हणू नका हां, आपल्या गिरणगावातही कामावर जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळागोळी देतच होत्या, पाळणाघर होतं कुठे? आणि आपलं लाडकं ग्राइप वॉटरसुद्धा नॉटिंगहॅमचंच, 1851 चं, त्यात शेपूचं तेल, सोडा आणि कित्येक वर्षं अल्कोहोलही होतं (बाळ शांत झोपायचं ते उगाच नाही).

तेव्हा पुढच्या वेळी असे उपाय छापाल तर शेजारी चौकटीत आत काय होतं तेही द्या, आणि त्याच चौकटीत एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका एवढं मोठ्या टायपात टाका, अजून रोज कोणीतरी आजी विचारायला येतेच दुकानात.

– एक जुना केमिस्ट, सातारा