‘स्मोक ऑन द वॉटर’ लगेच गाजले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील रॉक संगीतावरच्या लेखात ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे 1972 मध्ये ‘येताच गाजले’ असे म्हटले आहे. तसे झाले नव्हते. ‘मशीन हेड’ हा अल्बम मार्च 1972 मध्ये आला, पण त्यातून सिंगल (एकट्या गाण्याची वेगळी तबकडी) म्हणून बँडने पुढे केले ते ‘नेव्हर बिफोर’. आज ते कोणाला आठवते? ‘स्मोक’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघायला मे 1973 उजाडला. साडेपाच मिनिटांहून मोठ्या गाण्याला कात्री लावली आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला जपानच्या मैफलीतले तेच गाणे घातले. मग कुठे ते ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले.

एवढ्या घडामोडीतून निघालेले गाणे वर्षभर मागे राहावे, याचेच मला नवल वाटते. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारे पिस्तूल) झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. तिथेच रेकॉर्डिंग करायला आलेल्या ‘डीप पर्पल’च्या मंडळींना सरोवरावर पसरणारा धूर तेवढा पाहावा लागला. पुढे दुसऱ्या एका नाट्यगृहात वाजवायला बसले, तर आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दारात! अल्बम अखेर एका रिकाम्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये पुरा झाला.

लेखात ‘सोपी, कुणालाही जमणारी धून’ असाही शेरा आहे. सोपी खरीच. तीत दोन-दोन स्वर जोडीने वाजतात. गिटारच्या दोन शेजारच्या तारा मुळातच षड्ज-मध्यम भावात (म्हणजे सा आणि म यांच्याइतक्या अंतरावर) लावलेल्या असतात, त्यामुळे एकाच बोटाने दोन्ही दाबता येतात. पण ही धून वाजवणारे बँडचे मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर त्या तारा पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) नव्हे, बोटांनी छेडतात. दोन्ही स्वर एकदम सुटतात ते त्यामुळे. (एप्रिल 1995 मध्ये बँड मुंबईत आला तेव्हा ब्लॅकमोर सोडून गेले होते, गिटार स्टीव्ह मोर्स यांच्याकडे होती.)

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा दोन महिने हीच धून पिकने खरवडत होता. मी त्याला बोटांचे सांगितले. आता बरी वाजवतो, फक्त रात्री साडेदहानंतर.

आपला,
एक वाचक, ठाणे